जहाजावरची मोठी केबिन : जादा पैसे नेमके कशाचे?

वाचकांचे प्रश्न

मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझचा हंगाम पावसाळा ओसरला की सुरू होतो. त्यामुळे या वेळच्या टपालात बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी भागातून आलेली बरीच पत्रं एकाच विषयावर आहेत. साधी केबिन घ्यावी की जादा पैसे मोजून मोठी? सारख्या वाटणाऱ्या पत्रांची उत्तरं मात्र सारखी नाहीत, म्हणून ती वेगवेगळी देत आहोत.

प्रश्न : दिवाळीनंतर आम्ही नवरा-बायको मुंबईहून गोवा-लक्षद्वीप अशी पाच रात्रींची क्रूझ करायची म्हणतोय. एजंटानं आतली बिनखिडकीची केबिन दोघांची मिळून १,४०,००० ला आणि बाल्कनीवाली २,००,००० ला सांगितलीय. मंडळींचं म्हणणं, एकदाच जायचं तर मोठीच घेऊया की. माझं म्हणणं, तिथं नुसतं झोपायला तर जायचं. कोण बरोबर?
*टिळकवाडी, बेळगाव*

उत्तर : आधी एजंटाला विचारा की हे दोन आकडे सगळं धरून आहेत का. बंदर शुल्क माणशी असतं आणि ते केबिन बदलली म्हणून बदलत नाही. जीएसटी भाड्यावर टक्क्यानं लागतो, म्हणजे तो तुमच्या ६०,००० च्या फरकावरही लागणार. दोन्ही केबिनींची शेवटच्या बेरजेपर्यंतची कोटेशनं लेखी मागवा आणि मगच वजाबाकी करा.

आता ६०,००० हाच फरक धरू. रात्रीला १२,००० पडतात, पण रात्रींनी भागून काही कळत नाही. अंधारात बाल्कनीतून काळ्या पाण्याखेरीज काही दिसत नाही. भागायचं ते उजेडाच्या तासांनी. पाच रात्रींत मधले पूर्ण दिवस चार. त्यातले दोन गोवा आणि लक्षद्वीपचे धरले, तर त्या दिवशी तुम्ही उतरणार. म्हणजे सकाळ-संध्याकाळ मिळून बाल्कनीचे दोन-दोन तास. उरलेले दोन दिवस समुद्रात. अरबी समुद्रावर साडेनऊनंतर ऊन चढतं, हवा दमट असते, आणि पाचपर्यंत बाल्कनीत कोणी फार वेळ टिकत नाही. त्या दिवसांचे पाच-पाच तास धरा. सुटण्याच्या संध्याकाळचा एक. बेरीज पंधरा तास, म्हणजे तासाला ४,०००. चहाचा कप घेऊन दोघंच निवांत बसणारी माणसं असाल तर पैसे वसूल आहेत. पण गाण्याचा कार्यक्रम, जेवण, डेकवर चार माणसांत गप्पा यात रमणारे असाल, तर पंधराचे पाच-सहा तास होतात आणि तासाचा भाव दहा-बारा हजारांवर जातो. तुमच्या घरात संध्याकाळी गच्चीवर कोण किती वेळ बसतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

दुसरी गोष्ट 'मोठी' या शब्दाची. कंपन्यांच्या पत्रकात केबिनीचं जे क्षेत्रफळ छापतात त्यात कधी बाल्कनी धरलेली असते, कधी नसते. '२०० चौरस फूट' म्हणजे आत १६० आणि बाहेर ४० असू शकतं. तसं असेल तर खोली आतून साध्या केबिनीएवढीच. वाढलं ते फक्त दोन खुर्च्या आणि एक लहान टेबल मावेल एवढं अंगण. म्हणून विचारताना 'बाल्कनी सोडून आत किती?' असंच विचारा.

आकड्यावरून अंदाज येत नसेल तर गच्चीवर खडूनं आखून बघा. नऊ फूट रुंद, अठरा फूट लांब, म्हणजे १६२ चौरस फूट. नव्या जहाजांवरची साधारण केबिन एवढी असते. दाराच्या एका अंगाला चार बाय सहाचं बाथरूम काढा, समोर दोन फूट खोल कपाट. पुढे डबल बेड आडवा टाका, डोकं एका भिंतीला. साडेसहा फूट बेडनंच खाल्ले, पायथ्याशी अडीच फूट उरले. त्यातून एक माणूस आरामात जातो. दोघं समोरासमोर आले तर एकाला बेडवर बसावं लागतं. मग दोन बॅगा आणून ठेवा. बॅगा बेडखाली गेल्या तर ही जागा पुरते, बाहेर राहिल्या तर नाही. म्हणून कडक कवचाच्या थोराड बॅगेपेक्षा मऊ, चपटी बॅग न्यावी. केबिनीच्या भिंती बहुतेक जहाजांवर पत्र्याच्या असतात, त्यावर लोहचुंबकाचे हुक चिकटतात. चार हुक नेले की टोप्या, पिशव्या, ओले पंचे जमिनीवरून उठतात. एवढ्यानंही खोली मोकळी वाटते.

मुंबईहून फिरणारं कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' जहाज १९९० सालचं आहे. मूळ नाव 'नॉर्डिक एम्प्रेस'. त्या काळी जहाजावर बाल्कन्या मोजक्याच ठेवत आणि साध्या केबिनीही लहान असत. त्या पिढीतल्या बऱ्याच जहाजांवर त्या ११० ते १४० चौरस फुटांच्याच आहेत, गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या जहाजांवर १५० ते १८० च्या. परदेशी नव्या जहाजाचे व्हिडिओ बघून इथल्या केबिनीचा अंदाज बांधू नका. बाल्कन्या कमी असल्या की त्यांचा भावही चढाच राहतो.

तुमच्या दोघांच्या वादात एक पर्याय राहूनच गेला : खिडकीची केबिन. खिडकी उघडत नाही, पण उजेड येतो, बाहेर काय चाललंय ते कळतं, आणि भाव या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असतो. आतल्या केबिनीत दिवा मालवला की मिट्ट काळोख. सकाळचे सात आहेत की मध्यरात्रीचे दोन, समजत नाही. काहींना त्यात गाढ झोप लागते, काहींचा जीव गुदमरतो. पाच रात्रींच्या या मार्गावर आमचा कल खिडकीकडे आहे. फक्त त्या खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली नाही ना, ते बुक करण्याआधी बघून घ्या. अशा केबिनींना कंपनी 'ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू' म्हणते आणि थोड्या स्वस्तात विकते. बोटीचा नारिंगी बुडखा बघायचे पैसे देण्यापेक्षा आतली केबिन बरी.

प्रश्न : आम्ही चौघं आणि आई. मुलगी चौदाची, मुलगा नऊचा. एकच मोठा सूट (बसायची वेगळी जागा असलेली ऐसपैस केबिन) घ्यावा की दोन लहान केबिनी?
*निपाणी*

उत्तर : दोन केबिनी. यात फार विचार करण्यासारखं नाही, आणि कारण चौरस फुटांचं नाही, बाथरूमचं आहे. पाच माणसं, सकाळी नऊला बंदरावर उतरायचं, आणि एकच संडास. सूट कितीही ऐसपैस असला तरी पुष्कळ जहाजांवर त्याला बाथरूम एकच असतं. शिवाय साध्या केबिनीत जास्तीत जास्त चार माणसं. पाचांची सोय थोड्याच सुटांत असते.

हिशेबाची रीत अशी. क्रूझचं भाडं 'दोघांत एक केबिन' धरून माणशी सांगतात. पहिल्या दोघांना पूर्ण भाडं, त्याच केबिनीतल्या तिसऱ्या-चौथ्याला पुष्कळ कमी, कधी कधी नुसतं बंदर शुल्क आणि कर. म्हणून कागदावर एका केबिनीत चौघं आणि दुसरीत एकट्या आजी असं कधीच करू नका. एकट्या माणसाला बहुतेक वेळा दोघांचं भाडं पडतं. तीन आणि दोन अशी वाटणी करा : एका केबिनीत तुम्ही, पत्नी आणि मुलगा, दुसरीत आजी आणि नात. अल्पवयीन मुलांच्या केबिनीत एक मोठं माणूस असावं, असा नियम बहुतेक कंपन्यांचा असतो. आजींमुळे तोही पाळला जातो.

तिसरा पलंग म्हणजे एक तर सोफा ओढून केलेला, नाही तर भिंतीतून किंवा छतातून खाली येणारा वरचा बर्थ. त्याला शिडी असते. नऊ वर्षांचा मुलगा खुशीनं चढेल, आजींना तिथं पाठवू नका. सोफ्याचा पलंग रात्री उघडला की चालायची वाट बंद होते. ज्याला रात्री उठावं लागतं त्यानं बाथरूमच्या बाजूला झोपावं.

मधलं दार उघडणाऱ्या 'कनेक्टिंग' केबिनी मागा. शेजारच्या म्हणजे कनेक्टिंग नव्हेत. एजंट हे दोन शब्द सर्रास एकच धरतात, म्हणून केबिन नंबर घेऊन कंपनीच्या डेक-प्लॅनवर (जहाजाच्या मजल्यांच्या नकाशावर) दोन खोल्यांमधली खूण बघा. नवरा-बायको दोघंच जाणार असतील तर उलट सल्ला : मधलं दार असलेली केबिन टाळा. त्या दारातून शेजारच्यांचा टीव्ही आणि भांडणं दोन्ही ऐकू येतात.

बुकिंग लवकर करा. तीन-चार माणसांच्या केबिनी आधी संपतात. यामागे आणखी एक गोष्ट आहे. संकटात लाइफबोटीसाठी जमण्याच्या प्रत्येक जागेला माणसांची मर्यादा ठरलेली असते. ती भरली की केबिनीत तिसरा बर्थ रिकामा असूनही कंपनी तो विकत नाही. 'जागा आहे, मग देत का नाहीत' असं एजंटाशी भांडण होतं ते बहुधा यावरूनच.

प्रश्न : आईचे गुडघे गेलेत. घरात वॉकर, बाहेर व्हीलचेअर. तिच्यासाठी मोठी केबिन घेतली तर सोयीचं होईल ना?
*खानापूर*

उत्तर : मोठी नको, 'अॅक्सेसिबल' म्हणून राखलेली घ्या. फरक दाराचा आणि उंबऱ्याचा आहे. साध्या केबिनीचं दार पुष्कळ जहाजांवर २२ ते २४ इंचांचं, बाथरूमचं त्याहून अरुंद, आणि बाथरूमच्या दारात चार-सहा इंचांचा उंबरा. पाणी बाहेर येऊ नये म्हणून तो असतो. महागड्या बाल्कनी केबिनीतही तो असतोच. व्हीलचेअरची रुंदी २४ ते २६ इंच. म्हणजे दुप्पट पैसे भरून खुर्ची दाराबाहेरच. राखीव केबिनीत दार साधारण ३२ इंचांचं किंवा जास्त, बाथरूमला उंबरा नाही, भिंतीला धरायचे दांडे, बसून अंघोळ करायची सोय, आणि खुर्ची वळवायला मोकळी जागा. क्षेत्रफळ मोठं असूनही भाव सहसा त्याच प्रकारच्या साध्या केबिनीइतकाच असतो. पण जहाजावर त्या थोड्या असतात आणि गरजेची माहिती लिहून द्यावी लागते, म्हणून चार-सहा महिने आधी बघा.

घडीची खुर्ची रात्री पॅसेजमध्ये ठेवून देता येत नाही. आग लागली तर वाट मोकळी हवी, म्हणून कर्मचारी ती उचलून न्यायला लावतात. तेव्हा केबिनीत तिची जागा धरूनच चाला. केबिन लिफ्टजवळची मागा. जहाज दोनशे मीटर लांब असतं, पॅसेज संपता संपत नाही.

आणि बाल्कनीसाठी जादा पैसे द्यायचेच असतील, तर ते तुमच्याच बाबतीत. लक्षद्वीपला मोठं जहाज बेटाला लागत नाही, दूर नांगर टाकतं आणि माणसं लहान होड्यांतून उतरतात. होडी खाली-वर होत असते, मधल्या फटीवरून पाऊल टाकावं लागतं. ज्याला पायऱ्या चढता येत नाहीत त्याला बहुधा जहाजावरच थांबावं लागतं. आई दिवसभर वर थांबणार असेल तर तिच्यासाठी बाल्कनी किंवा निदान मोठी खिडकी ही चैन नव्हे. वर सांगितलेला तासांचा हिशेब तिच्या नावानं मांडून बघा, उत्तर वेगळंच येईल.

प्रश्न : मला घाटातसुद्धा गाडी लागते. वरच्या मजल्यावरची महाग केबिन घेतली तर त्रास कमी होईल का?
*चिकोडी*

उत्तर : उलट वाढेल. जहाज कुशीवर डोलतं तेव्हा सगळ्यात जास्त झोका वरच्या मजल्याला बसतो, आणि नाक-शेपूट वर-खाली होतं तेव्हा पुढच्या आणि मागच्या टोकाला. म्हणून लांबीच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची केबिन घ्या. ती स्वस्तही असते. क्षितिज दिसलं की पुष्कळांची मळमळ कमी होते, तेव्हा जमल्यास खिडकी असू द्या. गोळी मळमळ सुरू झाल्यावर नव्हे, आधी घ्यायची असते. कोणती आणि किती हे घरच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

प्रश्न : एजंट म्हणतो, 'गॅरंटी' घ्या, स्वस्त पडेल आणि नशीब असेल तर मोठी केबिन फुकट मिळेल. शिवाय बोली लावून अपग्रेड करायचा मेल येतो म्हणे. हे खरं का?
*शहापूर, बेळगाव*

उत्तर : स्वस्त पडेल हे खरं, नशिबाचं एजंटालाही ठाऊक नाही. 'गॅरंटी' म्हणजे अमुक प्रकारची केबिन मिळेल एवढीच हमी. नंबर कंपनी ठरवणार, तोही कधी कधी अगदी शेवटच्या दिवसांत. जी केबिन नंबर बघून कोणी निवडली नाही ती तुमच्या वाट्याला येते, आणि ती का निवडली नाही याला सहसा कारण असतं.

ती कारणं डेक-प्लॅनवर दिसतात. तुमच्या नंबरच्या बरोबर वरचा आणि बरोबर खालचा मजला बघा. वर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा खरखराट. वर किंवा खाली थिएटर, डान्स फ्लोअर असेल तर मध्यरात्रीपर्यंत धडधड. अगदी पुढे असाल तर नांगराच्या साखळीचा आणि बंदरात शिरताना वळवणाऱ्या पंख्यांचा आवाज, तोही सकाळी झोपेच्या ऐन वेळी. अगदी मागे खाली असाल तर मुख्य पंख्यांची थरथर. नकाशात तुमच्या केबिनीला लागून नाव नसलेला कोरा चौकोन असेल तर तिथं बहुतेक वेळा कर्मचाऱ्यांची खोली किंवा सामानाची पॅन्ट्री असते, दारं आपटत राहतात. सगळ्यात शांत म्हणजे वरही केबिनी, खालीही केबिनी.

बोलीचं असं आहे : आकडा माणशी असतो, केबिनीला नव्हे. १०,००० ची बोली म्हणजे दोघांचे २०,०००. मंजूर झाली की पैसे आपोआप कापले जातात, नाही म्हणायची सोय बहुतेक कंपन्यांत नाही. मध्यावरची शांत खिडकी सोडून तलावाखालची बाल्कनी पदरात पडली, असं होतं. दोन केबिनी एकत्र असतील तर एकीचीच बोली लागून कुटुंबाची फाटाफूट होऊ शकते. तुम्ही जागा नीट बघून घेतली असेल तर बोलीच्या नादाला लागू नका. ज्यांनी गॅरंटी घेतलीय त्यांना गमावण्यासारखं थोडं आहे, त्यांनी लहान बोली लावून बघावी.

प्रश्न : सिंगापूरच्या क्रूझवर सूट घेतला तर जेवण, पेय, सगळं त्यात, असं पत्रकात आहे. आम्ही जैन, दारू-मांसाहार नाही. तरी फायद्याचं का?
*निपाणी*

उत्तर : पत्रकातल्या प्रत्येक सवलतीसमोर तुमच्या घरापुरती किंमत लिहा. मद्याचं पॅकेज : शून्य. मांसाहारी खासियतीची रेस्टॉरंटं : शून्य. वेगळं लाउंज, चढताना-उतरताना रांग नाही, मोठं बाथरूम : याला तुमच्या मनानं आकडा लावा. ही बेरीज भाड्याच्या फरकाच्या निम्म्यावरही गेली नाही, तर सूट तुमच्यासाठी नाही. सिंगापूरहून सुटणाऱ्या 'गेंटिंग ड्रीम'वर सुटांचा 'द पॅलेस' हा वेगळा विभागच आहे. तिथं पैसे खोलीइतकेच त्या वेगळेपणाचे असतात. जैन जेवणाची मागणी मात्र कोणत्याही केबिनीतून करता येते. ती बुकिंगच्या वेळीच लेखी नोंदवा, चढल्यावर सांगितली तर पर्याय कमी होतात. आणखी एक : काही कंपन्या सुटांसाठी रोजची टिप जास्त लावतात, तीही फरकात धरा. परदेशी पॅकेजवर टीसीएस (बुकिंग करतानाच आगाऊ घेतला जाणारा आयकर) कापला जातो, तोही मोठ्या बिलावर मोठा. रिटर्न भरल्यावर तो वळता होतो, तोवर पैसे अडकतात.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत आहे, अलास्काला नेतो म्हणतोय. तिथं तरी बाल्कनी घ्यावी ना? आणि डावीकडची की उजवीकडची?
*हिंडलगा*

उत्तर : तिथं घ्या. अलास्का किंवा नॉर्वेच्या खाड्यांत जहाज जमिनीजवळून दिवसाउजेडी संथ चालतं, उन्हाळ्यात रात्री उशिरापर्यंत उजेड असतो, त्यामुळे बाल्कनीचे तास कितीतरी वाढतात. त्याच ठिकाणी परतणारी फेरी असेल तर बाजूला महत्त्व नाही. हिमनदीसमोर जहाज सहसा गोल फिरवून दोन्ही बाजूंना दाखवतात. एकाच दिशेची असेल आणि उत्तरेला जाणार असाल तर किनारा उजवीकडे, दक्षिणेला येणार असाल तर डावीकडे.

बाल्कनी कुठलीही असो, केबिनीचं दार आणि बाल्कनीचं दार एकाच वेळी उघडू नका. वाऱ्याच्या झोतानं जड दार आपटतं, बोटं सापडतात. बाल्कनीचं दार उघडं ठेवलं तर पुष्कळ जहाजांवर एसी बंद पडतो, आणि आपल्याकडच्या दमट हवेत जमीन ओली होऊन पाय घसरतो. कपडे कठड्यावर वाळत घालायला बंदी असते.

प्रश्न : चढण्याच्या दिवशी काउंटरवर अपग्रेड स्वस्तात मिळतो का?
*खडेबाजार, बेळगाव*

उत्तर : केबिनी रिकाम्या असतील तर कधी कधी. त्यासाठी काउंटरला लवकर पोचावं लागतं आणि उभ्या-उभ्या तीन गोष्टी विचाराव्या लागतात : नंबर कोणता, एकूण किती (कर धरून), आणि वर-खाली काय आहे. डेक-प्लॅन मोबाइलमध्ये आधीच उतरवून ठेवा, गर्दीत नेट चालत नाही. बेळगावहून त्याच दिवशी सकाळी मुंबईत पोचणारी रात्रीची बस किंवा गाडी धरून हे जमेलच असं नाही. पुण्याजवळ बस अडकली तर अपग्रेड राहू द्या, जहाजही जातं. चेक-इन सुटण्याच्या बऱ्याच आधी बंद होतं आणि नंतर कोणासाठी उघडत नाही. आदल्या दिवशी मुंबई गाठून मुक्कामाला चार-पाच हजार घाला.